हजला निघालेला माणूस आणि आमचा धुरा

मी मस्कतला नर्स आहे. आमच्या वॉर्डाचे ओमानी सुपरवायझर यंदा हजला गेले. निघायच्या आधी ते डॉक्टरांपासून सफाईवाल्या बांगलादेशी पोरापर्यंत एकेकाला गाठून माफी मागत होते. माझ्याकडेही आले. मागे एकदा सगळ्यांदेखत त्यांनी माझ्यावर आवाज चढवला होता, आणि चूक माझी नव्हती. नेमका तोच प्रसंग त्यांनी स्वतःहून काढला. "त्या दिवशी मी तुम्हाला नको ते बोललो. मनात ठेवू नका, मला माफ करा." औषधांच्या ट्रॉलीपाशी, हातातली फाइल बाजूला ठेवून, पुरतं माझ्याकडे बघून. हुद्द्यानं एवढा मोठा माणूस! "केलं, सर," एवढंच मला बोलता आलं.

आमच्या दारव्ह्याकडच्या गावात हे मी पाहिलेलं आहे. पिंजारी चाचा हजला जाताना घरोघर येऊन "कहा-सुना माफ करना" म्हणून गेले होते. तेव्हा ती निरोपाची रीत वाटायची. त्यामागचा हिशोब मला इथं मस्कतमध्ये कळला.

इस्लामात देवाचा हक्क वेगळा आणि माणसाचा हक्क वेगळा. नमाज चुकली तर ते तुमचं आणि अल्लाहचं. पण कुणाचे पैसे बुडवले, कुणाची जमीन दाबली, कुणाला लागट बोललात, तर नुसती तौबा पुरत नाही. पश्चात्ताप हवा, ते कृत्य सोडायला हवं, पुन्हा न करण्याचा निश्चय हवा, आणि ज्याचं नुकसान केलं त्याचं देणं देऊन किंवा त्याच्याकडून माफी मिळवूनच ते मिटतं. बुखारीच्या हदीस-संग्रहात, म्हणजे पैगंबरांच्या वचनांच्या संग्रहात, आहे की हे आजच मिटवा, कारण पुढे दिनार-दिरहम चालणार नाहीत. तिथे तुमचं पुण्य त्याच्या खाती जाईल, आणि पुण्य संपलं तर त्याचं पाप तुमच्या माथी येईल. हुतात्म्याचं सगळं माफ होतं, कर्ज मात्र होत नाही. आपल्याकडे जनाज्याच्या वेळी मयताचा मुलगा उभा राहून "अब्बांकडे कुणाचं काही येणं असेल तर मला सांगा" म्हणतो, ते याच्याचसाठी. इथले बरेच ओमानी इबादी पंथाचे. त्यांच्यात तर मोठं पाप करून तौबा न करता मेलेल्याला नरकातून सुटकाच नाही, असं मानतात.

माझी रूममेट केरळची, कॅथलिक. आम्ही तिला चेची, म्हणजे ताई, म्हणतो. शुक्रवारी सुट्टी, म्हणून रुवीच्या चर्चमध्ये शुक्रवारीही मोठी गर्दी असते. मीही कधी तिच्यासोबत जाते. फादरजवळ पापांची कबुली द्यायची आणि मोकळं व्हायचं, हे मला पटत नव्हतं. ज्याला दुखवलं त्याला पत्ताच नाही आणि इकडे माफी मिळूनही गेली? मी तिला तसं स्पष्ट विचारलं. तिनं बायबलातला मत्तयाचा पाचवा अध्याय काढून दाखवला. वेदीवर अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जा, भावाशी समेट कर, मग ये. आणि चोरलेलं परत केल्याशिवाय नुसत्या कबुलीनं भागत नाही, असं फादरही सांगतात म्हणे.

तिनं आणखी एक दृष्टांत सांगितला. राजानं चाकराचं दहा हजार तालांतांचं कर्ज सोडलं, म्हणजे कित्येक कोटी दिवसांची मजुरी. तो बाहेर पडला आणि शंभर दिवसांच्या मजुरीसाठी सोबत्याचा गळा धरला. कर्जाची भाषा आम्हा कापूस-सोयाबीनवाल्यांना कुणी समजावून सांगावी लागत नाही.

आता आपलं बघा. बाबा आणि काकाजी, सख्खे भाऊ, धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, बोलत नाहीत. वावर शेजारी-शेजारी, कापसाची पऱ्हाटी दोघांचीही एकाच वेळी फुटते, पण एकाच्या घरचं लग्न असलं की दुसरा त्या दिवशी मुद्दाम बाजारात जातो. हे एकट्या आमच्या घरचं नाही, कोणत्याही गावात जाऊन बघा. मला राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. जिवंतपणी जो दारात आला नाही, तो तिरडीपाशी येऊन पायावर डोकं ठेवतो, "भाऊ, माफ कर रे" म्हणून हंबरडा फोडतो. चार लोक त्याला उठवतात, बायका पदर डोळ्याला लावतात आणि गाव म्हणतं, शेवटी रक्ताचं नातं. अरे, मेलेला माफ कसा करेल? त्याचा तो हक्क त्याच्यासोबतच गेला! तेराव्याला वांग्याची भाजी वाढायला हाच पुढे, आणि वर्षभरात पोरांवर धुऱ्याची तीच केस.

याचा अर्थ आपल्याकडे काही नाही असा नव्हे. दसऱ्याला सोनं द्यायला वैऱ्याच्याही दारी जायची आपली रीत आहे. गावातले जैन संवत्सरीला क्षमा मागतातच. आपल्याच वर्ध्याजवळच्या पवनारच्या विनोबांनी अरबी शिकून कुराणाचं सार काढलं, ख्रिस्ती धर्माचंही काढलं. आणि इथं सगळेच साधुसंत आहेत असंही नाही. हजहून आल्यावर ओरडणारेही मी पाहिलेत. फक्त यांच्याकडे माफी मागायला मरणाची वाट बघत नाहीत.

"माफ करा, बीपी उतरेल" असले मेसेज गावाकडून येतात. मी नर्स आहे. नागपूरच्या ताजबाग दर्ग्यात हाजरी द्या, प्रार्थनेच्या सभेला जा, पण गोळी बंद करू नका. देवानं आजार दिला तसा इलाजही दिला, हेही हदीसमध्येच आहे. मात्र छपरातून खाली सोडलेल्या पक्षाघाताच्या रोग्याला येशू आधी "तुझ्या पापांची क्षमा झाली" म्हणाला आणि "ऊठ" नंतर म्हणाला, हे ऐकताना मला बाबा दिसले. कुराणही स्वतःला अंतःकरणातल्या रोगाची दवा म्हणवतं. बाबांच्या उशाशी शेताच्या गटाचा नकाशा असतो. रात्री तीनला उठून ते आईला विचारतात, "खुणेचा दगड कोणत्या साली हलला वं?" याला गोळी नाही.

दोन्ही धर्मांत मला एक फरक दिसतो, आणि त्यात माझा कल इस्लामकडे आहे. येशू साताच्या सत्तर पट वेळा माफ करायला सांगतो. कुराण म्हणतं, जेवढं वाईट केलं तेवढाच बदला हा हक्क आहे, पण जो माफ करून समेट करेल त्याचं फळ अल्लाहकडे. हक्क आधी मान्य, मग माफी. बाबांसारख्या माणसाला हेच पटू शकतं, कारण धुरा खरंच काकाजींनी कोरला आहे, माझ्या मनात त्याबद्दल शंका नाही.

परवा फोनवर बाबांना हे सगळं सांगितलं. "मी कायले जाऊ बाई? त्यानं याव," ते म्हणाले. मी म्हटलं, मोजणीचा अर्ज मागं घेऊ नका, तो तुमचा हक्क आहे. पण दसऱ्याला मी येते आहे, आपण दोघं सोनं घेऊन काकाजींकडे जाऊ. ते नाही म्हणाले नाहीत. तिकीट काढलं आहे.