स्पीकरच्या पेट्या : आधी कडेला लाख, मग रंग

जूनच्या मध्याला दोन्ही पेट्या चिकटवून झाल्या होत्या. आज ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एक पेटी काळी, चकचकीत होऊन बैठकीत उभी आहे आणि दुसरीला अजून सर्फेसरच (रंगाखालचा, घासून सपाट करायचा थर) आहे. मधले साडेतीन महिने बहुतेक कडांवर गेले, म्हणून आज कडांबद्दलच जास्त लिहितो.

एमडीएफची, म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या तंतूंची, १८ मिमीची फळी कापली की कापलेली बाजू जरा नखाने खरवडून बघा. वरचा-खालचा थर गच्च असतो आणि मधला गाभा भुसभुशीत. कारखान्यात लाकडाचे तंतू राळेबरोबर गरम दाबाखाली दाबतात तेव्हा पृष्ठभाग जास्त घट्ट बसतो, गाभा त्या मानाने सैल राहतो. त्यामुळे दर्शनी बाजूवर दोन हातांत रंग छान बसतो आणि तेच दोन हात कडेवर मारले की कड टिपकागदासारखी सगळं पिऊन टाकते. वर रंगाने तंतू उभे राहतात ते वेगळंच. हात फिरवला की मांजराच्या जिभेसारखं लागतं.

पेटीला हात लावण्याआधी उरलेल्या तुकड्यांच्या चार पट्ट्या घेतल्या. पहिलीवर नुसता प्रायमर. पाच हात झाले तरी खरखर गेली नाही. दुसरीवर फेव्हिकॉल आणि पाणी समसमान. पाण्याने तंतू फुगले आणि वर सँडपेपर मारायला गेलो तर तो चिकटून गोळे व्हायला लागले. तिसरीवर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लांबी, म्हणजे खळगे भरायची पुट्टी. त्या दिवशी उत्तम दिसली, पंधरा दिवसांनी खाली बसली आणि कोपऱ्याला टवका उडाला. चौथी पट्टी सुचवली इंदूरच्या सियागंज बाजारात रंगाच्या दुकानात भेटलेल्या एका वयस्क पॉलिशवाल्यांनी. मी थिनर मागत होतो, त्यांनी माझ्या हातातला तुकडा घेतला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "भिया, पहले किनारे को लाख पिलाओ, फिर रंग की बात करना."

म्हणजे चपडी, लाखेच्या पातळ पापड्या. एक लिटर स्पिरिटला २५० ग्रॅम, रात्रभर भिजवून, मलमलच्या फडक्यातून गाळून. बाजारातल्या साध्या चपडीत थोडं मेण असतं. बाटली दोन-तीन दिवस हलवायची नाही, मग गढूळ साका तळाशी बसतो आणि वरचं निवळ काढून घेता येतं. मी तेवढंच वापरलं, कारण मेणावर पुढचा थर नीट धरत नाही. स्पिरिट पटकन उडून जातं, पाण्यासारखं तंतूंत मुरून त्यांना फुगवत नाही. पहिला हात दहा मिनिटांत दिसेनासा झाला. दुसऱ्याला कड काळसर झाली. दुसऱ्या दिवशी २४०चा पेपर मारला, तिसरा हात दिला, आणि तेव्हा नख ओढल्यावर आवाज बदलला. आधी खसखस यायची, आता काचेवरून ओढल्यासारखं कडक वाजतं. कड बंद झाल्याची याहून खात्रीची खूण मला ठाऊक नाही.

कोपरे मी टोकदार ठेवले नाहीत, राउटरने (कडा कोरायच्या यंत्राने) ३ मिमी गोलाई दिली. धारदार कोपऱ्यावरून ओला रंग मागे सरतो, थर पातळ राहतो, आणि पॉलिश करताना पहिल्यांदा तिथलाच रंग जातो.

जोडांचं सांगायलाच हवं. मागच्या वर्षीच्या पेटीवर दोन महिन्यांनी जोडाची बारीक रेघ वर उमटली होती. गोंदातलं पाणी सुकत जातं, आणि कड व दर्शनी बाजू हवेप्रमाणे सारख्या हलत नाहीत. यावेळी चिकटवल्यावर तीन आठवडे पेट्यांना हात लावला नाही. मग जोडावर उथळ खाच पाडून गाडीच्या पत्र्याला वापरतात ती हार्डनरवाली पॉलिएस्टर पुट्टी भरली.

एनसी सर्फेसरचे तीन हात. वर काळ्या रंगाची अगदी विरळ फवारणी आणि मग ३२०चा पेपर लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून. बोटांनी कधीच नको, बोटं चर पाडतात. जिथे काळं उरतं तिथे खळगा आहे. रात्री दिवे बंद करून बॅटरी आडवी धरली की तो खळगा सावलीनिशी दिसतो.

२२ जुलैला घाई केली. बाबांना याच पेट्यांवर उस्ताद अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐकायचा आहे. इंदूरच्या घरात त्यांचं नाव निघालं की तो विलंबित आलाप तसाच मंद आणि स्वच्छ ऐकू यावा असं वाटतं, आणि मलाही राहवेना. पाऊस नुकताच थांबला होता, आर्द्रतेचा काटा ८४ टक्क्यांवर होता. गच्चीच्या शेडमध्ये काळा एनसी मारला आणि दहा मिनिटांत त्यावर दुधाळ साय आल्यासारखी झाली. थिनर भरभर उडतो, पृष्ठभाग गार पडतो, आणि हवेतला ओलावा त्या ओल्या थरात उतरतो. रिटार्डर (सावकाश उडणारा) थिनर हलका फवारून निम्मं सुधारलं. बाकीचं पुन्हा पेपरखाली घातलं. तेव्हापासून काटा ६५च्या खाली असल्याशिवाय स्प्रे गन हातात घेतली नाही. ऑगस्टमध्ये असे चारच दिवस मिळाले.

हार्डनर मिसळून मारायचा दोन घटकांचा पीयू (पॉलीयुरेथेन) रंग चिवट असतो हे मान्य, पण त्याच्या हार्डनरमधला आयसोसायनेट फुप्फुसांना घातक आणि माझ्याकडे तशी सोय नाही. एनसीलासुद्धा उघडी गच्ची, कार्ट्रिजचा मास्क, आणि जवळपास ठिणगी नाही हे पाळतोच. कोरडा पेपर मारतानाही एन-९५ लावा, एमडीएफची धूळ फार बारीक असते.

शेवटच्या हातानंतर तीन आठवडे थांबून १५००, मग २०००चा वॉटर पेपर, पाणी लावून. इथे एक नुकसान झालं. वूफरच्या भोकाची आतली कड मी लाखेशिवाय सोडली होती. पाणी तिथून आत गेलं आणि सकाळी भोकाभोवती दीड मिलिमीटरचा उंचवटा. दाबून बसवलेले तंतू एकदा उसवले की वाळल्यावर परत बसत नाहीत. तेवढा भाग खरवडला, लाख दिली, पुट्टी भरली, सर्फेसरपासून पुन्हा. दुसऱ्या पेटीची सगळी भोकं, टर्मिनलची मागची खाचसुद्धा, आधीच तीन हात लाख पिऊन बसली आहेत.

काल रात्री पहिल्या पेटीत ट्यूबलाइट बघत बसलो. पांढरी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ, फक्त खालच्या डाव्या जोडापाशी केसभर वाकते. बाबांना ती दिसत नाही. मला दिसते, आणि दुसऱ्या पेटीच्या त्याच जोडावर सर्फेसरचा एक हात जास्त दिला आहे. तो आठवडाभर आक्रसू देतो, पुढच्या रविवारी ऊन राहिलं तर ३२०चा पेपर.