डायोड काढायचे किती?

साताऱ्याकडचे एक लग्नाचे फोटोग्राफर 3 टीबीची हार्ड डिस्क घेऊन आले. "फिरते, पण टकटक करते." टकटक ऐकली की आमच्या डेटा रिकव्हरीच्या धंद्यात पहिला संशय हेडवर, म्हणजे तबकडीवर डेटा वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या टोकावर. पण डिस्क उलटी केली तर खालचं सर्किट बोर्ड नवंकोरं आणि स्क्रूची तोंडं सोललेली.

खोदून विचारल्यावर एकेक बाहेर आलं. डिस्क ज्या बाहेरच्या केसमध्ये होती, तिला 12 व्होल्टच्या अडॅप्टरऐवजी लॅपटॉपचा 19 व्होल्टचा लावला गेला आणि डिस्क ठप्प. तिथल्याच एका दुकानदाराने त्याच नंबरचं बोर्ड मागवून बसवलं. डिस्क फिरली, पण कॉम्प्युटरला दिसेना. म्हणून रात्रभर लावून ठेवली!

"जुनं बोर्ड?"

"ते त्यांच्याकडेच राहिलं, साहेब."

माझं डोकं सणकलं. तसा दुकानदार अगदीच चुकीचा नाही. वीस-चाळीस जीबीच्या जमान्यात बोर्ड बदललं की डिस्क बहुधा चालायची. आता बोर्डावर आठ पायांची रॉम चिप असते. त्या एकाच डिस्कच्या हेडना किती करंट द्यायचा, हेडचा वाचणारा भाग लिहिणाऱ्या भागापासून किती सरकलेला आहे, हे आकडे कारखान्यात मोजून तिच्यात भरलेले असतात. हेडचा सिग्नल इतका क्षीण, की बोर्डापर्यंत येण्याआधी डिस्कच्या आतच प्रीअँप नावाची चिप तो वाढवते. पुढे बोर्डावरचा रीड चॅनल, म्हणजे सिग्नलमधून बिट ओळखणारं सर्किट, तोही एकेक बिट सुटा वाचत नाही. शेजारच्या बिटांच्या लहरी एकमेकींत मिसळलेल्या असतात; त्यातून मूळ क्रम कोणता असावा, याचा तो हिशेब मांडतो. आयबीएमने 1990 मध्ये ही पीआरएमएल पद्धत डिस्कमध्ये आणली, आणि मला आजही तिचं नवल वाटतं. परक्या रॉमचे आकडे घेऊन बसलेल्या बोर्डाला ट्रॅकवरच्या सर्व्हो खुणाच, म्हणजे हेड कुठे आहे ते सांगणाऱ्या खुणाच, लागत नाहीत. हेडचा हात जागा शोधतो, टोकाला आपटतो, परत येतो. टक.

दुकानदाराला फोन लावला. "दादा, ते बोर्ड भंगारात टाकलंय." म्हटलं, भंगार उपसा. उपसलं बिचाऱ्याने, आणि एसटीच्या पार्सलने पाठवलंही.

मल्टिमीटर लावला. 12 व्होल्टच्या लाइनवरचा टीव्हीएस डायोड पूर्ण शॉर्ट. जास्त व्होल्टेज आलं की स्वतः शॉर्ट होऊन बाकीचं वाचवायचं, हेच त्याचं काम. 5 व्होल्टची लाइन ठणठणीत, कारण ते केसमधलं सर्किट स्वतः बनवतं. मोटर फिरवणारी ड्रायव्हर चिप शाबूत. हॉट एअरने डायोड उचलला, बोर्ड मूळ डिस्कवर चढवलं आणि आमच्या खात्रीच्या सप्लायवर चालू केलं. आवाज नाही, लगेच ओळख पटली. आधी क्लोन, म्हणजे सगळ्या डिस्कची हुबेहूब नक्कल, मग बाकीचं.

बिल बघून ते म्हणाले, "एवढासा डायोड काढायचे एवढे?" नुसतं काढायचं असतं तर मीही घेतले नसते. कुठला काढायचा, याचे पैसे असतात हे लोकांना पटत नाही. रात्रभर टकटक फुकटात झाली, ती मात्र चालते.

क्लोनमध्ये एक हेड अडखळत होतं. बाकीच्यांचा डेटा सरळ आला, त्या हेडच्या पट्ट्यात काही लग्नांचे फोटो तुटक निघाले. ते आधीपासूनच कमजोर होतं की त्या रात्री आपटून झालं? डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या स्मार्टच्या नोंदी पाहिल्या. परकं बोर्ड असताना डिस्क स्वतःच्या नोंदींच्या भागापर्यंत पोचलीच नव्हती, त्यामुळे त्या रात्रीचं तिथे काहीच नाही. फोटोग्राफरना मी "सांगता येत नाही" एवढंच म्हणालो. दुकानदाराचा नंतर फोन आला, "झालं का काम?" त्यालाही तेच सांगितलं.