काचेजवळची ऊब

मे महिना. तुर्भे एमआयडीसीतल्या आमच्या पायलट प्लांटमध्ये आम्ही कार्बन डायऑक्साइड वापरून हळदीतलं तेल काढतो. त्या दिवशी तापमानाचे दोन नवे सेन्सर तपासायचे होते. जाड काचेच्या सेलमध्ये वायू भरायचा आणि क्रांतिक बिंदूपर्यंत न्यायचा: 31 अंश तापमान, साधारण 74 बार दाब. तिथं द्रव आणि वायू यांच्यामधली रेघ नाहीशी होते. कितीही वेळा पाहिलं तरी माझी नजर तिथून हलत नाही. आधी रेघ फिकट होते, मग सगळा सेल धुरकटतो आणि मागच्या उजेडात चहासारखा तांबूस दिसतो.

त्या दिवशी सेल शांतच होईना. उजव्या काचेलगत अगरबत्तीच्या धुरासारखी वेटोळी वर चढत होती. दाब स्थिर, म्हणजे गळती नाही. दोन्ही सेन्सर अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत सारखे. थर्मोस्टॅट दोनदा उघडून पाहिला. दुपार गेली.

आमचे ऑपरेटर काका काचेच्या चौकटीवर बोट टेकवून म्हणाले, "मॅडम, ही बाजू कोमट लागतेय."

बघायला सोपं जावं म्हणून मीच सकाळी हॅलोजन दिवा त्या बाजूला सरकवला होता.

मग सेन्सर सारखे कसे? याचं उत्तर मला फार आवडतं. क्रांतिक बिंदूजवळ हा वायू इतका मऊ होतो, की स्वतःच्या वजनानेसुद्धा तळाशी दाट होतो. काचेलगतचा पातळ थर जरा तापला की फुगतो आणि बाकीच्या वायूला पिस्टनसारखा दाबतो. त्या दाबाने सगळीकडचं तापमान क्षणात वर येतं. घनतेतला फरक मात्र तसा मिटत नाही. तो उष्णता पसरेल तसाच विरतो, आणि इथं ती फारच सावकाश पसरते. तापमान जुळलं, घनता नाही, असे तासन्‌तास जातात. बेलफास्टचे रसायनशास्त्रज्ञ थॉमस अँड्र्यूज यांनी 1869 च्या व्याख्यानात याच वायूत, तापमान किंचित उतरवल्यावर दिसणाऱ्या लहरत्या पट्ट्यांचं वर्णन केलं आहे.

दिवा काढून लांबून एलईडी लावला आणि थांबलो. काकांची शिफ्ट संपली होती, तरी ते गेले नाहीत. साडेसातला शेवटचं वेटोळं विरलं. मग सेलभोवतीच्या जाकिटातल्या पाण्याचं तापमान अंशाच्या शंभराव्या भागाने चढवत नेलं. रेघ पुसट झाली, सेल तांबूस झाला, आणि रेघ दोन्ही टोकांना एकदमच गेली. काकांनी वहीत वेळ लिहिली, 8:52.