आमची वाटचाल: रिसेटच्या आधीची दहा मिनिटं

2006 च्या दसऱ्याला भोसरी एमआयडीसीत एका वर्कशॉपचा पत्र्याचा कोपरा भाड्याने घेऊन आम्ही एसी-फ्रीजर दुरुस्तीचा धंदा सुरू केला आणि पूजा केली. आम्ही म्हणजे मी आणि आयटीआयचा माझा वर्गमित्र. तो ब्रेझिंगमध्ये, म्हणजे तांब्याचे पाइप जोडण्यात पक्का, मी विजेच्या पॅनेलमध्ये. त्याआधी दोघांनीही सहा-सहा वर्षं दुसऱ्याकडे नोकरी केली होती. पूजेला मांडलेल्या वस्तू म्हणजे एक मॅनिफोल्ड गेज, व्हॅक्यूम पंप, टाँग टेस्टर आणि ब्रेझिंगचा सेट. पहिली दीड वर्षं स्प्लिट एसी, वॉटर कूलर आणि हॉटेलांचे डीप फ्रीझर यांवर घर चाललं. हिशेब तेव्हाही माझी बायको लिहायची, आजही तीच बघते.

चिलरच्या, म्हणजे कारखान्यासाठी किंवा इमारतीसाठी पाणी थंड करणाऱ्या मोठ्या मशीनच्या कामात आम्ही आलो ते 2008 च्या एप्रिलमध्ये. चाकणजवळ प्लास्टिक मोल्डिंगचा एक कारखाना होता. तिथे 120 टन थंडाव्याच्या क्षमतेचा वॉटर-कूल्ड स्क्रू चिलर, आत फिरणारा गॅस आर-134ए. रोज दुपारी दोनच्या सुमारास गॅस दाबणारा कॉम्प्रेसर ट्रिप व्हायचा, म्हणजे आपोआप बंद पडायचा, आणि पॅनेलवर हाय डिस्चार्ज प्रेशरचा, म्हणजे कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा दाब वाढल्याचा अलार्म यायचा. साच्यांना थंड पाणी मिळालं नाही की माल वाकडा निघतो, त्यामुळे सगळेच घाईवर होते. आमच्या आधी येऊन गेलेल्या माणसाने गॅस जास्त झालाय असं सांगितलं होतं. आम्हालाही ते पटलं आणि आम्ही सहा किलो गॅस काढून घेतला. दोन दिवस मशीन चाललं. तिसऱ्या दिवशी लो सक्शन प्रेशरवर, म्हणजे कॉम्प्रेसरमध्ये येणाऱ्या गॅसचा दाब घटल्यामुळे, बंद पडलं. काढलेला गॅस परत भरावा लागला आणि त्या दोन फेऱ्यांचे पैसे मागायची आमची हिंमत झाली नाही.

तिसऱ्या खेपेला मी तिथेच मुक्काम केला. युटिलिटीचे ऑपरेटर काका पंचावन्नच्या पुढचे. रात्री चहा देताना सहज म्हणाले, “दादा, टँकर सुरू झाल्यापासून याचं दुखणं सुरू झालंय.” त्यांच्याकडे शंभर पानी वही होती. कोणत्या दिवशी टँकर आला, कूलिंग टॉवरला (चिलरचं गरम पाणी निववणाऱ्या मनोऱ्याला) किती पाणी घातलं, मशीन किती वाजता बंद पडलं, सगळं त्यांनी स्वतःच्या हौसेने लिहिलं होतं. मार्चच्या मध्यापर्यंत एकही ट्रिप नव्हती.

सकाळी मी पहिल्यांदा रीतसर आकडे घेतले. डिस्चार्ज प्रेशर 11.4 बार. आर-134ए च्या चार्टवर या दाबाचं तापमान साधारण 47.5 अंश. कंडेन्सरमध्ये, म्हणजे गॅसची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागात, जाणारं पाणी 31.5, बाहेर येणारं 36. पाण्याचा फरक साडेचार अंश, म्हणजे पंप ठीक होता आणि पाणी पुरेसं फिरत होतं. पण गॅस 47.5 वर आणि बाहेर पडणारं पाणी 36 वर, यांत साडेअकरा अंशांचं अंतर. याला अप्रोच म्हणतात. स्वच्छ कंडेन्सरला तो एक ते तीन अंशांत असतो. गॅसची उष्णता पाण्यात शिरायला इतका जोर लागत होता याचा अर्थ मध्ये कशाची तरी भिंत होती.

एंड कव्हर उघडलं तेव्हा बंबाच्या आत धरतो तसाच पांढुरका थर प्रत्येक ट्यूबमध्ये दिसला. बोट घातलं तर आत खरखर लागायची, तांब्याचा रंगच दिसत नव्हता. टँकरचं पाणी बोअरवेलचं, क्षारांनी जड. टॉवरमध्ये त्याची वाफ होत राहते आणि क्षार मागे उरतात. ब्लो-डाउन, म्हणजे क्षार साठलेलं पाणी काढून टाकणं, वेळेवर केलं नाही तर ते क्षार कंडेन्सरच्या गरम ट्यूबमध्ये जाऊन बसतात. आम्ही सल्फॅमिक अ‍ॅसिडने डिस्केलिंग केलं, म्हणजे तो थर विरघळवला, स्वच्छ पाण्याने धुतलं, मग एकेका ट्यूबमधून नायलॉनचा ब्रश फिरवला. रविवार रात्रीपर्यंत काम चाललं. सोमवारी दुपारी दोन वाजता गेजवर 8.9 बार होते आणि अप्रोच अडीच अंशांवर आला होता. काका गेजसमोर उभे होते. काही बोलले नाहीत, खिशातली वही काढून आकडा लिहिला.

त्या वहीवरून आमचं कार्ड तयार झालं. पुठ्ठ्याचं, पोस्टकार्डाएवढं, आमच्या प्रत्येक माणसाच्या बॅगेत असतं. अलार्म आला की अलार्म पुसणारं रिसेटचं बटण दाबण्याआधी त्यावर आकडे लिहायचे: सक्शन आणि डिस्चार्ज प्रेशर, ऑइल प्रेशर, दोन्ही बाजूंच्या पाण्याचं येणारं-जाणारं तापमान, आर-वाय-बी तिन्ही फेजचे व्होल्टेज आणि अ‍ॅम्पियर, ट्रिपच्या वेळी लोड किती होता. कंट्रोलरमध्ये जुन्या अलार्मची यादी आणि त्या क्षणाचे आकडे असतात, ते आधी उतरवायचे. कंट्रोलरवरचा दाब आणि स्वतःच्या गेजवरचा दाब जुळतो का, हेही पाहायचं, कारण सेन्सरच खोटं बोलत असेल तर पुढचा सगळा तपास वाया जातो. यात दहा मिनिटं जातात. ग्राहकाची घाई मला कळते, तरीही ही दहा मिनिटं आम्ही कोणासाठी सोडत नाही.

या कार्डामुळेच आम्हाला एका हॉस्पिटलचं काम मिळालं. तिथे लो सक्शनवर वारंवार ट्रिप होत होती आणि सहा महिन्यांत तीनदा गॅस भरून झाला होता. गळती मात्र कुठेच सापडत नव्हती. “गॅस मारा आणि चालू करा,” हे वाक्य आमच्या धंद्यात रोज कानावर पडतं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच होतं. गॅस कमी असता तर कंडेन्सरमधून निघणाऱ्या लिक्विडचं सबकूलिंग (द्रव झाल्यावर ते आणखी किती अंश थंड झालं ते) घटलं असतं, साइट ग्लासमध्ये, म्हणजे लिक्विडच्या पाइपवरच्या काचेच्या खिडकीत, बुडबुडे दिसले असते. इथे दोन्ही ठीक होतं. उलट चिल्ड वॉटर 12 अंशांचं 7 व्हायला हवं, तिथे येणारं आणि जाणारं यांत आठ अंशांचा फरक. म्हणजे इव्हॅपोरेटरमधून, जिथे पाणी थंड होतं त्या भागातून, पाणीच कमी जात होतं. वाय-स्ट्रेनर, म्हणजे पाण्याच्या पाइपमधली गाळणी, खोलला. जाळीवर वेल्डिंगचे मणी, टेफ्लॉन टेपचे तुकडे आणि गंजाचा चिखल. काही महिन्यांपूर्वी पाइपलाइनचं काम झालं होतं, त्यानंतर ती जाळी कोणी साफ केली नव्हती. जाळी धुतली आणि जास्तीचा गॅस रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये काढून घेतला. हे मशीन आम्ही 2012 मध्ये कर्ज काढून घेतलं होतं. हवेत गॅस सोडणं तेव्हापासून आमच्याकडे पूर्ण बंद आहे.

विजेच्या अलार्मबद्दल थोडक्यात सांगतो. ओव्हरलोडवर ट्रिप झाली की लोक आधी कॉम्प्रेसरवर संशय घेतात. आम्ही आधी मेन बंद करून, लॉक लावून कॉन्टॅक्टरचे (मोटरची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) लग, म्हणजे वायर जोडायची टोकं, तपासतो. एक ढिला लग तिन्ही फेजचं गणित बिघडवतो.

25 मार्च 2020 ला देश बंद झाला. हॉस्पिटलं आणि औषध कंपन्या सोडल्या तर आमचं सगळं काम थांबलं. पगार आम्ही अर्धे केले, पण एकालाही घरी बसवलं नाही. त्या काळात एका ऑफिस इमारतीने वीज वाचावी म्हणून चिलरचा मेन स्विचच काढून ठेवला होता. हेतू चांगला होता, पण त्यामुळे कॉम्प्रेसरचं तेल गरम ठेवणारा ऑइल हीटरही बंद झाला. थंड तेलात गॅस विरघळत राहतो. मशीन सुरू करताच दाब एकदम उतरतो आणि सोड्याची बाटली उघडावी तसं तेल फेसाळतं, बेअरिंगपर्यंत वंगण पोहोचतच नाही. आम्ही पोहोचायच्या आधीच तिथे मशीन सुरू केलं गेलं होतं, ऑइल प्रेशरचा अलार्म आला होता आणि तो तीनदा रिसेट केला होता. बेअरिंग गेलं. कॉम्प्रेसर उतरवताना माझ्या भागीदाराच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण ते मशीन आम्ही नऊ वर्षं सांभाळलं होतं. त्याच आठवड्यात आम्ही दोघांनी बाकीच्या प्रत्येक ग्राहकाला फोन केला: आधी हीटर सुरू करा, 24 तास थांबा, तेल कोमट लागलं की आम्हाला बोलवा. त्यांच्यापैकी एकाचाही कॉम्प्रेसर गेला नाही.

आज आम्ही अकरा जण आहोत. 2018 मध्ये पॉलिटेक्निकमधून आलेली आमची पहिली इंजिनिअर मुलगी आता रात्रीचे सगळे कॉल सांभाळते. कार्डावरचे आकडे फोनवर नोंदवायची सोय तिने केली, पण पुठ्ठ्याचं कार्ड बंद करू दिलं नाही. प्लांट रूममध्ये रेंज नसते, हे तिचं कारण.

चाकणचे काका केव्हाच निवृत्त झाले. त्यांच्या वहीच्या एका पानाची झेरॉक्स आमच्या वर्कशॉपमध्ये, पूजेच्या कोनाड्याखाली लावलेली आहे. यंदाही टँकर सुरू झालेत. चार ठिकाणी अप्रोच साडेचारच्या वर गेलाय, आणि पुढचे दोन रविवार ब्रशिंगसाठी ठरले आहेत.