थंड नळीतून सुटणारी पहिली गोळी

अमेरिकेतल्या कोलोरॅडोत १ जानेवारी १९४९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकारीचा परवाना हवा असेल तर हंटर एज्युकेशनचं, म्हणजे शिकारीच्या प्रशिक्षणाचं, प्रमाणपत्र लागतं. ते मिळवलं, .३०८ विंचेस्टर काडतुसाची रायफल घेतली आणि मग खरं काम सुरू झालं. डेन्व्हरजवळच्या नेमबाजीच्या रेंजवर उन्हाळ्यात लावलेला नेम ऑक्टोबरच्या गारठ्यात, नऊ-दहा हजार फूट उंचीवर टिकतो का, हे बघायचं होतं. भारतात १९७२च्या कायद्यानंतर शिकार जवळजवळ थांबलीच, त्यामुळे घरातल्या कुणाकडून हे शिकायची सोय नव्हती.

वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवून १०० यार्डांवर तीन गोळ्या इंचभरात बसवणं लवकर जमलं. पण शिकारीच्या रायफलची नळी वजन वाचवायला बारीक ठेवलेली असते. सलग चार-पाच गोळ्या झाडल्या की ती हात लावू देत नाही, आणि गोळ्या हळूहळू एका बाजूला सरकायला लागतात. हरणासमोर नळी थंडच असणार. म्हणून मी एक कागदी लक्ष्य वेगळं काढलं. रेंजवर गेलं की आधी त्यावर एकच गोळी. भोकाशेजारी पेनने तारीख, तापमान, वारा लिहायचा आणि कागद परत गुंडाळून गाडीत. जुलैचं ऊन, पावसाळी दुपार, पहिला बर्फ, सगळं त्या एका कागदावर जमत गेलं. एखादी रायफल खरोखर कशी आहे, हे कळायला मला तरी याहून चांगली रीत सापडलेली नाही.

नळी साफ करून तेलाचं बोट फिरवल्यावरची पहिली गोळी बाकीच्यांपासून फटकून बसते, हे त्या कागदावर लगेच दिसलं. आता सीझनच्या आधी साफसफाई झाली की दोन-तीन गोळ्या झाडून नळी तशीच ठेवतो. दमट हवेत लाकडी दस्ता फुगून नळीला टेकू शकतो, तेही तपासलं: एक डॉलरची नोट दोघांच्या मधून सरकवत न्यायची, अडकली तर टेकलं समजायचं.

थंडीत काडतुसातली दारू जरा मंद जळते. गोळीचा वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफवर वेग उतरलेला दिसला. उलट उंचीवरची विरळ हवा गोळीला कमी अडवते. २०० यार्डांपर्यंत या दोन्हींचा फरक जाणवला नाही. वाऱ्याचं मात्र तसं नाही. ताशी १० मैलांचा आडवा वारा ३०० यार्डांवर माझी १५० ग्रेनची (साधारण पावणेदहा ग्रॅमची) गोळी सात-आठ इंच ढकलतो, आणि म्यूल डिअर या इथल्या हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भागच साधारण आठ-दहा इंचांचा. नुसतं जखमी झालेलं जनावर रानात मरायला सोडणं मला सहन होणार नाही.

शेवटी पिशव्या बाजूला ठेवल्या. हातमोजे घालून, चढ चढून धाप लागलेली असताना, गुडघ्यांवर कोपरं टेकवून बसलो, तेव्हा गोळ्या तिप्पट पसरल्या. माझी मर्यादा त्यावरून ठरली: २०० यार्ड, जोरदार वाऱ्यात त्याहूनही कमी.