गच्चीवर आखलेला होल्ड

इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या, म्हणजे बाहेर न बघता उपकरणांवर विमान चालवायच्या परवान्याच्या, तयारीत मी अडकले ती होल्डिंगपाशी. पुढे विमानांची रांग असली किंवा उतरायच्या ठिकाणी हवा बिघडली, की एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रण) एका फिक्सवर, म्हणजे ठरावीक बिंदूवर, लांबट घिरट्या घालत थांबायला सांगतं. ढगात बाहेरचं काही दिसत नाही आणि त्या घिरटीत शिरायचं कसं, हे काही सेकंदांत ठरवायचं. सिम्युलेटरवर मी दोनदा भलत्याच बाजूला वळले.

मे महिन्यात सोलापूरला घरी आले. गच्ची तापायच्या आत, पहाटे साडेपाचला खडूने होल्ड, म्हणजे त्या घिरटीचा मार्ग, आखला. आईची रांगोळीची वाटी म्हणजे व्हीओआर, विमानाला दिशा दाखवणारं जमिनीवरचं रेडिओ केंद्र. अण्णा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत. ते खुर्चीवर बसून क्लिअरन्स, म्हणजे एटीसीची सूचना, वाचायचे, मी चालायचे.

"व्हीओआरच्या पूर्वेला होल्ड, रेडियल 090, उजवी वळणं, सहा हजार फूट."

माझी चूक इथेच होती. 090 ऐकलं की मी वाटीकडे तोंड पूर्वेला करून यायचे. पण रेडियल म्हणजे व्हीओआरपासून निघणारी रेषा, तिची दिशा बाहेरच्या बाजूला मोजतात. होल्ड पूर्वेला, म्हणजे वाटीकडे येताना तोंड पश्चिमेला, 270 वर. पायांनी चालल्यावर हे डोक्यात बसलं, वहीत दहा वेळा काढून बसलं नव्हतं. मग शिरण्याचे तीन प्रकार: डायरेक्ट, पॅरलल, टिअरड्रॉप. मी 040 वर येत असेन तर टिअरड्रॉप. वाटी ओलांडून 060 धरायचा, एक मिनिट जायचं, उजवीकडे वळून 270 पकडायचा. घिरटीची सरळ बाजू चौदा हजार फुटांपर्यंत एक मिनिटाची, त्याच्या वर दीड.

तिसऱ्या दिवशी अण्णांनी कागद खाली ठेवला. "पण किती वाजेपर्यंत फिरायचं गं? गाडी थांबवली तर सुटायची वेळ नको का?"

मी चालायची थांबले. मी स्वतः लिहून दिलेल्या क्लिअरन्समध्ये पुढचा क्लिअरन्स कधी मिळेल ती वेळच नव्हती. रेडिओ बंद पडला तर फिक्स कधी सोडायचा, हे त्या वेळेवरच ठरतं. खाली कंट्रोलरही तीच वेळ धरून बाकीची विमानं बाजूला ठेवतो.

चाचणीत परीक्षकांनी क्लिअरन्स दिला, त्यात वेळ नव्हती. रीडबॅक देऊन, म्हणजे तो परत म्हणून दाखवून, मी लगेच पुढच्या क्लिअरन्सची वेळ मागितली. मिळाली, ती गुडघ्यावरच्या पॅडवर लिहून तिच्याभोवती गोल केला. वारा नैर्ऋत्येचा होता, आत येताना समोरून आणि डावीकडून. पहिल्या फेरीत आत यायला एक मिनिट वीस सेकंद लागली, म्हणून दुसऱ्या फेरीत बाहेर जायची वेळ कमी केली. आत येताना पाच अंश डावीकडे, 265 धरावा लागत होता, म्हणून बाहेर जाताना तिप्पट, पंधरा अंश उजवीकडे, 105 धरला. तिसऱ्या फेरीत घड्याळ एक मिनिटावर आलं आणि व्हीओआरची सुई मधोमध, म्हणजे विमान नेमकं रेषेवर.

संध्याकाळी फोन केला तेव्हा अण्णांनी पहिलं विचारलं, "वेळ मागितलीस?"