त्या बाई काय सांगतात?

तुम्ही विचारलंत म्हणून. लग्नात विचारलंत, सोसायटीच्या जिन्यात विचारलंत. दिवाळीत तर साडूंनी चिवड्याची बशी हातात धरूनच विचारलं, "दोघं कौन्सेलरकडे जाता म्हणे. काय सांगतात हो त्या बाई?"

काही सांगत नाहीत. हे उत्तर कुणालाच पटत नाही. पन्नास मिनिटांचे रोख पैसे मोजायचे आणि वर काही सांगतही नाहीत? बरं, मेडिक्लेमही मिळत नाही. मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्यायचा असा २०१७ चा कायदा आहे, पण नवराबायकोचं भांडण हा आजार नाही म्हणे.

मी आधी एकटाच जाऊन आलो होतो, रागासाठी. तिथे विवेकनिष्ठ उपचारपद्धती शिकलो. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली, आणि आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी मराठीत रुजवलेली. वहीत रकाने पाडायचे : काय घडलं, मनात काय आलं, त्यातून काय वाटलं. मधल्या रकान्यातला 'असंच व्हायला पाहिजे' हा हट्ट पकडायचा. ऑफिसात खरंच फरक पडला. साहेबांच्या मेलला रात्री साडेअकराला उत्तरं लिहिणं थांबलं. मग मी ती विद्या घरी आणली. बायको रडायला लागली की म्हणायचो, "ही अपेक्षा विवेकी आहे का, बघ जरा." आज लिहिताना कान गरम होतात. तेव्हा वाटायचं, आपण केवढे सुधारलो.

दोघं जायला लागलो तेव्हा बाईंनी आधी आम्हाला एकेकटं बोलावलं. हिला विचारलं, घरात कधी भीती वाटते का, हात उचलला जातो का. रिक्षात तिने मला हे सांगितलं आणि माझं डोकंच फिरलं. मी तसला वाटतो? पुढे कळलं, हे सगळ्यांनाच विचारतात. मारहाण होत असेल तर दोघांना समोरासमोर बसवत नाहीत, कारण तिथे खरं बोलल्याची किंमत घरी गेल्यावर मोजावी लागते. पटलं मला. तरी मी तिला विचारलंच, "नाही म्हणायला किती वेळ लावलास?"

चौथ्या खेपेला सासूबाईंचा विषय निघाला. त्या गेल्या तेव्हा हॉस्पिटलात सगळं मी केलं. बिल, डिपॉझिट, मृत्यूच्या कारणाचा डॉक्टरांच्या सहीचा चार नंबरचा फॉर्म, शववाहिनी, स्मशानाचा पास. पहाटे तीनपासून फाईल काखेत मारून मी मजले चढत-उतरत होतो. या एका बाबतीत तरी माझी बाजू भक्कम, म्हणून मी पाय पसरून बसलो होतो.

ही म्हणाली, "सिस्टरने आईच्या बांगड्या काढून दिल्या तेव्हा मी हात पुढे केला होता. यानं त्या मोजून घेतल्या. पावतीवर लिहून घेतलं, पिवळ्या धातूच्या बांगड्या, नग दोन. माझ्या आईची यानं पावती घेतली."

बाई मला म्हणाल्या, "त्या काय म्हणाल्या, ते तुमच्या शब्दांत सांगा."

"ती म्हणतेय की मी पावती घेतली, पण हॉस्पिटलात वस्तू गहाळ होतात, त्यामुळे..."

"हे तुमचं झालं. त्या काय म्हणाल्या?"

"मी सगळं केलं, ते तिला दिसलंच नाही."

"हेही तुमचंच."

टेबलावर टिश्यूचा डबा होता. त्याच्या कडेचा पुठ्ठा मी नखाने सोलत होतो. आवाज येत होता, तरी थांबवत नव्हतो. शेवटी म्हणालो, "तिनं हात पुढे केला. मी बघितला नाही."

बाई काही बोलल्या नाहीत. ही रडली. मला वाटत होतं माझं कौतुक होईल, तेही झालं नाही. साडूंनी विचारलं ते हे. यात 'सांगितलं' कुठे आहे?

आणि मी अजून म्हणतो, कुणीतरी कागद करायलाच हवे होते. मी तिच्याशेजारी बसलो असतो तर पास कुणी आणला असता, साडूंनी? बाई म्हणतात, दोन्ही खरं असू शकतं. मला ते गुळमुळीत वाटतं. पण मी कागदांत शिरलो कारण तिच्याशेजारी बसायची मला धास्ती वाटत होती, हेही आता नाकारता येत नाही. माझ्या वडिलांच्या वेळीही मी हेच केलं होतं. फक्त तेव्हा सगळ्यांनी मला खंबीर म्हटलं होतं.

एकदा बाईंनी जॉन गॉटमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या संशोधनाचं सांगितलं : जोडप्यांतले सुमारे ६९ टक्के वाद कधी सुटतच नाहीत, ते कसे वागवायचे एवढंच शिकता येतं. हिला फार हायसं वाटलं. मला वाटलं, मग फी ३१ टक्केच घ्या.

भांडणं होतात. मी अजूनही "पण" म्हणतो, फक्त आता तो मला ऐकू येतो. तिचंही काही आहे, चिडली की दोन-दोन दिवस बोलत नाही. ते तिचं तिनं लिहावं.

गेल्या महिन्यात फाईल आवरताना ती पावती हाती लागली. फाडायला घेतली, तर ही म्हणाली, "राहू दे." मी ठेवून दिली. का राहू दे, ते विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं रात्री तिनंच ऐकवलं.